पौषातला नाताळ

जानरावच्या घरात पंचांग नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं बायको आणि मुलासकट बाप्तिस्मा घेतला, तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले आणि पंचांग चुलीत. त्या जागी पाद्रीसाहेबांनी दिलेला एक छापील कागद भिंतीला लटकत होता आणि त्यात रविवार तेवढे तांबडे होते. तरी तिथीसाठी त्या घराचं काही अडत नसे. मैनाबाई आभाळाकडं बघून तिथी सांगायची, आणि सांगून झालं की आपण काही बोललोच नाही असा चेहरा करायची.

"उद्या अवस," भाकर थापता थापता ती नवऱ्याला म्हणाली. "परवापासून पौष लागते."

जानराव चूळ भरत होता. त्यानं पाणी थुंकलं. "लागू दे. आपल्याले काय त्याचं?"

"मी कुठं काय म्हनली? अवस हाय म्हनली."

तो आत येऊन पाटावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "नत्थुजीची पोर कधी आली आपल्याकडं?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हंजे तिचा पहिलाच पौष."

"पहिलाच," मैनाबाई म्हणाली आणि भाकर उलटली.

अकोल्यात काय अन् अमरावतीत काय, ही गोष्ट लहान पोरीलाही ठाऊक होती. नांदायला आलेली सून पहिल्या पौषात सासरी राहिली, तर ते सासऱ्याच्या जिवावर येतं. म्हणून अवसेच्या आत तिला माहेरी पोचवायचं आणि माघ लागला की आणायचं. यात तसं कुणाचं वाईट होत नव्हतं. पोरीला महिनाभर आई मिळायची आणि सासऱ्याला आयुष्य. पण जानरावनं पाद्रीसाहेबांसमोर याच चालीची टर उडवली होती. "माह्या जिवाची दोरी आता महिन्याच्या हाती नाई, साहेब," असं तो म्हणाला आणि साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. त्याच भरात तो आणखी बोलून गेला, की यंदा नाताळाची पंगत माझ्या अंगणात, आणि माझी सून पुढं बसेल.

नाताळाला अजून सहा दिवस होते.

ओसरीवर, आपल्या वेगळ्या चुलीशी, नत्थुजीची ती पोर, शकुन, हे सगळं ऐकत होती. ती पंधरा वर्षांची होती. आठव्या वर्षी तिचं जानरावच्या सहदेवशी लग्न लागलं तेव्हा दोन्ही घरांत एकच देव होते. ती वयात येऊन तिला धाडायची वेळ येईपर्यंत सासरचे देव बदलले होते. अमरावतीला, तिच्या माहेरी, पंच बसले, दोन दिवस बोलले, आणि ठरलं की दिलेली पोर ठेवून घेता येत नाही, जाऊ द्या. पण तिनं त्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, तरच बापाच्या, नत्थुजीच्या उंबऱ्यात तिला परत पाय टाकता येईल. गाडीत बसवताना तिची आई मनकर्णा तिच्या कानाशी लागून म्हणाली होती, "तेवढा एक नेम पाळ, पोरी. मंग हे घर तुहंच हाय." आणि इकडं आल्यावर जानराव म्हणाला होता, "नाताळाले आमच्यासंगं प्रार्थनेला बस, सूनबाई. एवढं केलं का हे घर तुहं."

दोन घरं आणि दोन अटी. शकुनला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं. गेले अडीच महिने ती शेजारच्या कुणब्याच्या विहिरीवरून स्वतःचं पाणी आणी, आपल्या चुलीवर भाकर टाके, आणि सहदेव वखारीतून आला की आईच्या चुलीकडं न जाता तिच्यासमोर येऊन बसे. तिचा अंबाडीचा झुणका खाऊन त्याच्या नाकाला घाम यायचा. "अजून हाय का?" असं तो ताटात बघतच विचारायचा. तो फार बोलणारा नव्हता.

दुपारी जानरावनं तिला हाक मारली. स्वर खेळीमेळीचा होता. तो एका इंग्रज साहेबाच्या कापसाच्या वखारीवर मुकादम होता. समुद्रापार कुठं तरी लढाई चालली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि त्यापायी अकोल्यात रुई ठेवायला जागा पुरत नव्हती. वखारीत मावेना ती रुई जानरावच्या घरासमोर, रस्त्यापलीकडच्या कोठीत भरली होती.

"सूनबाई, तुह्या जिवाले बरं वाटावं म्हनून सांगतो. माहा काई इस्वास नाई अशा गोष्टीइवर," तो म्हणाला. "पन तुह्या मायबापाचा हाय. त्याइच्यासाठी आपून एक करू. नाताळापर्यंत तू कोठीत राय. मधून सरकारी रस्ता जाते, म्हंजे ते माहं घर नाई. नाताळ झाला का दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून तुले अमरावतीले धाडतो. पाद्रीसाहेब खूश, तुही माय खूश."

"चालते, मामंजी," शकुन म्हणाली. तिनंही मनात हेच जुळवलं होतं: नाताळ इथं, पौष तिथं. मधले पाच-सहा दिवस कुठं का जाईनात.

अवसेला ती कोठीत गेली तेव्हा एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती, तिच्याही. तिची चूल घराच्या ओसरीवर होती, म्हणजे घरातच, आणि घरात आता पाय टाकायचा नव्हता. आणि कोठीत चूल पेटवायची नव्हती. रुईत एक ठिणगी पडली असती तर साहेबाचा सगळा माल गेला असता. उघड्यावर मांडावी, तर सून घराबाहेर ठेवली हे गावाला दिसलं असतं. पहिल्या संध्याकाळी ती रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, म्या भाकर कुठं टाकू?"

मैनाबाईनं जरा विचार केला. "माह्या चुलीवरची तुले चालत नाई."

"नाई."

"मंग लाह्या हायेत. गूळ हाय. कोरड्यानं बाट नाई होत. पौषात थंडं पोटाले चांगलं असते." तिनं टोपली रस्त्याच्या मधोमध आणून ठेवली. ती वाईट बाई नव्हती. टोपलीत तिनं दोन मुठी शेंगदाणे जास्त घातले होते.

रुईत झोपलं की ऊब लागते असं लोकांना वाटतं. ऊब लागते, पण श्वास घेतला की तंतू घशात जातात, आणि पहाटे कोठीच्या दारातून वारा आला की त्या उबेचं काही उरत नाही. शकुन रुईत गळ्याइतकी शिरून बसायची, लाह्या एकेक करून खायची आणि समोरच्या घराकडं बघायची. सहदेव आता आईच्या चुलीपाशी जेवायचा. त्याची पाठ दिसायची. चौथ्या दिवशी तो रस्त्याच्या मध्यापर्यंत आला.

"थंडी लागते का?"

"नाई."

"परवा नाताळच हाय," तो म्हणाला.

"मालूम हाय मले."

एक बैलगाडी आली, तिला वाट द्यायला तो मागं सरला, आणि मागं सरला तो घराच्या बाजूलाच गेला.

नाताळाच्या सकाळी सगळ्या अकोल्यातली ख्रिस्ती घरं मिळून सात, त्यांची माणसं जानरावच्या अंगणात जमली. पाद्रीसाहेब घोड्यावरून आले. अंगण उंबऱ्याबाहेर होतं, त्यामुळं शकुनला तिथं बसायला हरकत नव्हती. जानरावनं तेही आधी पाहून ठेवलं होतं. प्रार्थना झाली. पंगत बसली. नव्या जोडप्यानं चारचौघांत शेजारी शेजारी बसायचं, ही या लोकांची नवी रीत. शकुनला लाजेनं मान वर करवेना. पळसाच्या पत्रावळीवर वरणभात, वांग्याची भाजी, मटण, आणि कडेला पिठीसाखर भरलेली तळीव करंजी. पानं सगळ्यांची भरली, तिचंही.

"तिले वाढलं, तरी ती खाईन नाई," जानरावनं आधीच जाहीर केलं. "पोट बरं नाई तिचं."

"पोट बरं नाई म्हंजे?" समोरच्या रांगेतली तानुबाई म्हणाली. ही पाद्रीसाहेबांकडं कपडे धुवायची आणि तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं. "गोड बातमी हाय का, मुकादम? इतक्या लौकर?"

"जेव तू," मैनाबाई म्हणाली. बायका हसल्या. सहदेवचे कान लाल झाले.

पाच दिवसांत शकुनच्या पोटात शिजलेलं काही गेलं नव्हतं. मटणाचा वास येत होता, तुपाचा येत होता. तिनं पदर नाकाशी धरला, पण पदरालाही वास लागला होता. तिनं पानाकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि दुसरीकडं बघावं तर सगळीकडं लोक जेवत होते. तेव्हा सहदेवनं आपली करंजी मोडली. अर्धी स्वतःच्या पानावर ठेवली आणि अर्धी पानांच्या खालून तिच्या मुठीत सरकवली.

"खा," तो मान न वळवता म्हणाला. "कोनी पाहून नाई राहिलं."

नवऱ्यानं लोकांत तिचा हात धरल्यासारखं झालं होतं. मूठ त्याच्या बोटांनी ऊन झाली होती. तिनं करंजी तोंडात घातली. साखर जिभेवर विरघळली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुणाला दिसू नये म्हणून ती तशीच खाली मान घालून चावत राहिली.

पंगत उठली. आशीर्वादासाठी सगळे उभे राहिले, आणि तानुबाईला आणखी एक गोष्ट दिसली. "सूनबाईच्या केसात रुई काहून हो भरली एवढी?" ती मोठ्यानं म्हणाली. "कोठीत निजली होती का काय?"

कुणी हसलं नाही. पाद्रीसाहेबांनी वळून शकुनकडं पाहिलं. ते मराठी बोलायचे, पण छापलेल्या पुस्तकातलं. "बाई, भय धरू नको," ते म्हणाले. "देवासमोर सत्य सांग. तुला ह्या घरात ठेविले आहे ना?"

जानरावचा चेहरा उतरला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत अडीच महिन्यांत पहिल्यांदा विनवणी होती. शकुनला ते कळलं. तिला वाटलं, आता आपण याला वाचवलं तर हा माणूस आपल्याला कधी बाहेर काढणार नाही.

"सकाई कोठीत सरकी वेचाले गेलती, साहेब," ती म्हणाली. "मी घरातच रायते. मामंजीच्याच घरात." आणि आणखी खरं वाटावं म्हणून पुढं म्हणाली, "पहिल्या दिसापासून."

साहेबांना आनंद झाला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात धरला, डोळे मिटले, आणि ही कन्या ह्या घरात राहते, ह्या छपराखाली हिचे दिवस जावोत, असं म्हणून प्रार्थना केली. शेवटी सात घरांनी मिळून आमेन म्हटलं. जानरावनं तेवढं आपल्या छपराकडं पाहिलं.

साहेबांचं घोडं वळणापलीकडं गेलं तसा तो ओसरीवर बसला. त्याच्या अंगाला कापरं भरलं होतं. मटण त्यानं तीनदा घेतलं होतं, पण त्याची आठवण त्या वेळी कुणाला झाली नाही.

"ऐकलं का तू?" तो मैनाबाईला म्हणाला. "घरात रायते म्हने. पहिल्या दिसापासून. देवासमोर बोलली, अन् साऱ्यायनं आमेन म्हटलं."

"तुमच्यासाठीच बोलली ते पोर."

"माह्यासाठी बोलली अन् माह्याच जिवावर आली. आता कोठीत ठेवली काय अन् माजघरात ठेवली काय. बोलल्यानं आत आली ते." त्याचे दात वाजत होते. "गाडी जुंपा. आत्ताच."

शकुन अंगणात उभी होती. "मामंजी, म्या तुमची लाज राखली," ती म्हणाली.

"कोनं सांगतलं होतं तुले?" जानराव म्हणाला. "चूप रायली असती त रायली असती लाज."

तालुक्यातल्या मालाच्या गाड्या हाकणारा बशीर आणि त्याची बायको रजियाबी त्याच दिवशी अमरावतीला निघाले होते. त्यांच्या गाडीत तिची पेटी ठेवली. पेटी उचलून ठेवली ती सहदेवनं. मोर्णा नदीपर्यंत तो गाडीमागून चालत आला. नदीच्या उताराशी गाडी थांबली.

"बाबाले ताप भरला," तो म्हणाला. "मले परत जा लागते."

"न्यायले येसान ना?"

"पौष सरला का येतो."

तो पाण्याच्या कडेला उभा राहिला आणि गाडी पार झाली. त्याच संध्याकाळी जानरावचा ताप उतरला.

अमरावतीचा रस्ता तीन दिवसांचा होता. मूर्तिजापूरला रजियाबीनं तीन दगडांच्या चुलीवर खिचडी केली आणि वाटी तिच्यापुढं धरली. "दोन घास खा, बेटी. अल्लाशिवाय कोन पाहते इथं?" शकुननं नाही म्हटलं. बडनेऱ्यालाही नाही म्हटलं. "ऐसी जिद किस काम की?" म्हणून रजियाबी तिच्यावर रागावली आणि स्वतःही पुरतं जेवली नाही.

नत्थुजीचं घर ओळखू येईना. या वर्षाच्या कापसावर नवी कौलं चढली होती, आणि दारातल्या बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या होत्या. गाडी थांबली तशी मनकर्णा भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. लेकीवरून ओवाळून टाकायचा आणि मग तिला आत घ्यायचं. तिचा हात वर झाला होता.

"थांब," नत्थुजी ओट्यावरून म्हणाला. "आधी इचारू दे. नाताळात त्याइच्या पंगतीत बसली का?"

"बसली, बाबा."

"जेवली का?"

"नाई जेवली," मनकर्णा म्हणाली. "म्या सांगूनच धाडलं होतं तिले."

"तुले नाई इचारलं मी."

मनकर्णा लेकीकडं बघत होती आणि मान अगदी थोडी, दिसेल न दिसेल अशी, नाही म्हणून हलवत होती. शकुनला फक्त तेवढंच करायचं होतं. पण तीन दिवसांपूर्वी एकदा ती दुसऱ्याच्या सोयीचं बोलली होती. आणि ती करंजी खाल्ली नाही म्हटलं, तर अडीच महिन्यांत नवऱ्यानं दिलेली ती एकच गोष्ट होती, तीही झाली नाही असं होणार होतं.

"अर्धी करंजी खाल्ली," ती म्हणाली.

"आखी नाई हो," मनकर्णा घाईनं म्हणाली. "अर्धीच."

"अर्धीनं अर्धाच बाट होते का?" नत्थुजी म्हणाला. ओट्यावर बसलेले दोघे शेजारी हसले, म्हणून तोही थोडा हसला. "गोठ्यात जागा करा तिले. माघात पंचाइले इचारू."

मनकर्णानं हातातला तुकडा काय करावा हे न कळून पदरात बांधला.

गोठ्यात बैलांना झूल होती आणि शकुनला घोंगडी मिळाली. इथं तिला चूल मिळाली, पीठ मिळालं. तिनं पहिल्याच दिवशी चार भाकरी केल्या आणि खाता खाता तिला झोप लागली.

आठव्या दिवशी बशीर परतीच्या फेरीतून निरोप घेऊन आला. त्याला सांगायला जड जात होतं. तो नत्थुजीकडं न बघता बैलांकडं बघून बोलला. मुकादम बरा हाय. वैद्य म्हनला मटन बाधलं. पन मुकादम म्हनते, पोर नदीपार गेली अन् ताप उतरला, तवा वैद्याचं काय ऐकाचं? मी जिता हाये तोवर तिनं इकडं येऊ नये.

"सहदेव काय म्हनते?" नत्थुजीनं विचारलं.

"पोरगा चूप होता."

नत्थुजी शेंब्या पुसायला लागला. मग म्हणाला, "त्याइनं ठेवून घेतली असती त पंचाइपुढं काई बोलता आलं असतं. त्याइनंच टाकली त हे पंच काहून घेतीन?" गोठ्यातल्या लेकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो बोलला, तसं त्याच्या मनात नव्हतं, त्याचा आवाजच मोठा होता.

मनकर्णा रोज सकाळी तेलाची वाटी घेऊन गोठ्यात यायची. लेकीला जवळ ओढायची, तिचं डोकं मांडीवर घ्यायची, केसांतले रुईचे तंतू एकेक करून काढायची. कितीही काढले तरी उरत होते. "काय केलं वो माय तुह्या केसाइचं त्याइनं," असं म्हणत ती तेल जिरवायची. आणि मग आत जाण्याआधी ती विहिरीवर जायची. बाटलेल्या लेकीला शिवल्यावर घरात जायचं तर नेसल्या लुगड्यानिशी आंघोळ करावी लागे. पौषातलं पहाटेचं पाणी. घागर उपसल्याचा, डोक्यावर ओतल्याचा, आईनं श्वास आत घेतल्याचा आवाज शकुनला गोठ्यात स्पष्ट ऐकू यायचा. ओल्या लुगड्यात ती चुलीपर्यंत जायची.

दहाव्या दिवसापासून मनकर्णा खोकायला लागली. तरी सकाळी वाटी घेऊन येणं चुकलं नाही. बाराव्या दिवशी खोकला थांबेचना. ती गोठ्याच्या दारात उभी राहून खोकत होती आणि वाटीतलं तेल तिच्या मनगटावर सांडत होतं.

शकुन उठली आणि बैलाच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.

"वाटी तिथंच ठेव, माय," ती म्हणाली. "माह्या हातानं लावते मी."

"काहून?"

"येते मले आता."

"मागचे केस राहून जातीन. ये इकडं."

"नको. पानी लय थंडं हाय."

मनकर्णानं हात पुढं केला. मध्ये बैल होता. त्यानं मान हलवली आणि पुन्हा कडबा खायला लागला. शकुन तिथून हलली नाही.

मनकर्णानं वाटी जमिनीवर ठेवली आणि पदरानं मनगट पुसलं. मग ती आंघोळ न करता घरात गेली. आज ती लेकीला शिवली नव्हती.